न्युएचे चांदीचे कासव : पावसाळ्यानंतरचा अनुभव

न्युए या देशाचे 'हॉक्सबिल कासव' हे एक औंसाचे चांदीचे नाणे गेल्या हिवाळ्यापासून माझ्या संग्रहात आहे, आणि मध्ये एक पूर्ण पावसाळा जाऊन गेल्यामुळे त्याविषयी आता खात्रीने लिहिता येते. प्रशांत महासागरातील हा दोन हजारांहून कमी वस्तीचा देश न्यूझीलंडशी मुक्त सहयोगाने, म्हणजे स्वतःचा कारभार स्वतः पाहून, जोडलेला आहे. तेथील रोजचे व्यवहार न्यूझीलंडच्या डॉलरमध्ये होतात. हे नाणे मात्र न्यूझीलंड मिंट ही खासगी कंपनी प्रामुख्याने परदेशी संग्राहक आणि गुंतवणूकदार यांच्यासाठी पाडते. त्यामुळे '2 डॉलर' हे दर्शनी मूल्य केवळ कायद्यापुरते आहे. आपण पैसे मोजतो ते 31.1 ग्रॅम शुद्ध चांदीचे आणि तिच्यावरील घडणावळीचे.

नाण्याची घडण मला मनापासून आवडली. पोहणाऱ्या कासवाच्या कवचावरील खवले उठावदार आहेत, आणि नाणे उजेडात तिरके धरले की त्यांच्या कडा वेगळ्या उठून दिसतात. खरेपणा तपासण्यासाठी मी नाणे दोऱ्याने बांधून, भांड्याला कोठेही टेकू न देता, वजनकाट्यावर ठेवलेल्या भांड्यातील पाण्यात बुडवले. नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाइतका काटा वाढतो. तो जवळजवळ 3 ग्रॅमने वाढला, आणि चांदीची घनता 10.49 ग्रॅम प्रति घन सेंटीमीटर धरली तर एवढीच वाढ अपेक्षित असते.

पावसाळ्यात मात्र कडेजवळ दुधाळ पांढरे डाग उमटले. आधुनिक चांदीच्या नाण्यांत हा दोष सर्रास आढळतो. नाणी पाडण्यापूर्वी चांदीच्या कोऱ्या चकत्या धुताना राहिलेल्या रसायनाचा अंश नंतर भट्टीत भाजला गेल्यामुळे तो निर्माण होतो, असे मानले जाते. हे डाग पॉलिशने घासू नयेत. त्याने मूळ पृष्ठभाग कायमचा बिघडतो. नाणे घट्ट झाकणाच्या कॅप्सूलमध्ये, सिलिका जेलच्या पुडीसह ठेवावे आणि हाताळताना फक्त कडेने धरावे. पीव्हीसीची मऊ पाकिटे पूर्णपणे टाळावीत, कारण त्यांतून सुटणाऱ्या द्रव्यामुळे धातूवर हिरवट चिकट थर बसतो.

विक्रीची चौकशी केली तेव्हा एका सराफाने घट धरून निव्वळ चांदीचा भाव सांगितला, तर नाण्यांच्या व्यापाऱ्याने त्याहून थोडा अधिक. म्हणून चांदीच्या भावाच्या जवळपास मिळाले, तर हे नाणे मी पुन्हा घेईन. न्युएच्याच नावाने निघणारी डिस्ने आणि स्टार वॉर्सची रंगीत, डबीबंद नाणी धातूच्या कितीतरी पट किमतीला विकली जातात. ती मात्र त्या पात्रांविषयी खरोखर जिव्हाळा असणाऱ्यानेच घ्यावीत.