सॉलिड महोगनीचा टेनर युकुलेले: एक पावसाळा काढल्यावर

युकुलेले म्हणजे गिटारसारखं चार तारांचं छोटं वाद्य; टेनर हे त्याचं मोठ्यांपैकी एक माप. नोव्हेंबरात घेतला, आता चवथ तोंडावर आलीय. आधी तीन वर्षं लॅमिनेटचा, म्हणजे पातळ थर चिकटवलेल्या लाकडाचा, कॉन्सर्ट (टेनरहून लहान माप) होता, साडेचार हजारांचा. खिडकीत टांगलेला असायचा. डिचोलीच्या पावसाने त्याचं काही बिघडलं नाही.

मन कोआच्या लाकडावर होतं. ते झाड फक्त हवाईत वाढतं, कमाका ही कंपनी १९१६ पासून होनोलुलूत युकुलेले बनवते. किंमत बघितली आणि मुकाट्याने महोगनीकडे वळलो, ४२ हजार. खंत नाही. आवाज गोल आहे, जरासा दबका. भजनात झांजा असताना आणखी खणखणाट कशाला?

पण खरा फरक पडला तो चौथ्या तारेने. नेहमीची 'जी' (G) सुराची ही तार वरच्या सुरात असते, म्हणून सर्वांत खालचा सूर 'सी' (C), म्हणजे पेटीची पांढरी एक. तिथे सा धरला की त्याखाली काहीच नाही. अभंग मंद्रात उतरला की मी गप्प. लो-जी, म्हणजे खालच्या सप्तकातली जी, लावली आणि मंद्र पंचम हाताशी आला! आधी लावलेली, वर धातूची तार गुंडाळलेली लो-जी बोट सरकताना किरकिरायची, ती काढून साधी फ्लोरोकार्बनची लावली. आमची मंडळी काळी एकमध्ये गाते. पहिल्या पडद्यावर कॅपो (सगळ्या तारा दाबून सूर चढवणारा चिमटा) लावला की झालं. टेनरची स्केल (तारेची वाजणारी लांबी) १७ इंची, त्यामुळे मग बोटांची दाटी होत नाही.

आता पाऊस. दुकानदार म्हणाला होता, काही होत नाही. जूनअखेर घरातला हायग्रोमीटर (हवेतली आर्द्रता मोजणारा) ८८ टक्क्यांवर. जुलैत ब्रिजमागे (तारा जिथे अडकवतात त्या पट्टीमागे) लाकडाला पोट आलं, बाराव्या पडद्यावर तारांची उंची अडीच मिलिमीटरवरून साडेतीनवर गेली, बॅरे (एका बोटाने सगळ्या तारा दाबणं) धरताना बोटं दुखायला लागली. लॅमिनेटचे थर आडवे-उभे चिकटवलेले, ते एकमेकांना फुगू देत नाहीत; सॉलिड लाकूड ओल पितं. तेव्हापासून वाजवून झालं की लगेच केसमध्ये, सोबत सिलिका जेल. दाण्यांचा रंग बदलला की एका जुन्या कढईत (स्वयंपाकाच्या नव्हे) मंद आचेवर सुकवतो. आई म्हणते, "माझ्या पापडांना कधी एवढं जपलं नाहीस." तीन आठवड्यांत तारा बऱ्याच खाली आल्या.

एक उणीव राहिलीच. आरतीत घुमट (मातीचं तालवाद्य) सुरू झालं की माझं मलाच ऐकू येत नाही. पिकअप (आवाज स्पीकरला देणारा आतला मायक्रोफोन) बसवायचा तर जॅकसाठी, म्हणजे वायर खुपसायच्या जागेसाठी, बुडाला भोक पाडावं लागेल. दोनदा केस उचलून निघालो, दोन्ही वेळा अर्ध्या वाटेवरून परतलो.