नाकाचं सलाईन जेल: गुऱ्हाळाच्या धगीत अख्खा हंगाम वापरून

करवीर तालुक्यात आमचं गुऱ्हाळ आहे. दिवाळीनंतर चुलवाण पेटलं की काहिलीची धग, चिपाडाचा धूर आणि पहाटेची कोरडी थंडी, सगळं एकदम नाकावर येतं. त्यात मला एचएचटी आहे, रक्तवाहिन्यांचा आनुवंशिक आजार. यात रोहिणी आणि नीला यांच्यामधलं केशवाहिन्यांचं जाळं काही ठिकाणी तयारच होत नाही. जोराचं रक्त थेट नाजूक भिंतीच्या वाहिनीत शिरतं आणि नाक आतून सुकून तडकलं की तिथूनच फुटतं. रक्त गोठण्याच्या तपासण्या मात्र चांगल्या येतात. म्हणून "उष्णता आहे, सब्जा खा" एवढं ऐकण्यातच आमच्या तात्यांची उमर गेली. ओठांवरचे, बोटांच्या टोकांवरचे लाल ठिपके कुणी नीट बघितलेच नाहीत.

जेल म्हणजे मीठ-पाणी आणि ग्लिसरिन. वाहिन्या आहेत तशाच राहतात, फक्त नाक आतून ओलं राहतं आणि खपली धरत नाही. आधी मी तूप लावायचो, ते धगीला वितळून घशात उतरायचं. सलाईनचा साधा फवाराही चांगला, पण काहिलीजवळ लगेच सुकतो. जेल टिकतं. गुऱ्हाळावर जाताना आणि झोपताना करंगळीनं पुढच्या भागातच लावतो. नख कापलेलं पाहिजे. इअरबड तर नकोच, तोच खपली ओढून काढतो. सुरुवातीला फरक जाणवला नाही. मग हळूहळू खांद्यावरचा टॉवेल लाल होणं कमी झालं. थांबलं नाही, पण कमी झालं, आणि ज्याचं हिमोग्लोबिन असं थेंबाथेंबानं उतरतं त्यालाच त्याची किंमत कळते. लोहाच्या गोळ्या चालूच आहेत.

घेताना एक बघा. कोल्हापुरात सीपीआर दवाखान्यासमोर काय किंवा राजारामपुरीत काय, मेडिकलमध्ये नुसतं "नाकाचं औषध द्या" म्हणालात तर चोंदलेलं नाक मोकळं करणारा फवारा हातात पडू शकतो. त्यावर ऑक्सिमेटाझोलीन किंवा झायलोमेटाझोलीन लिहिलेलं असतं. रोज वापरायची वस्तू नव्हे ती, नाक आणखी कोरडं पडतं. आपल्याला सोडियम क्लोराइडचं साधं जेल हवं. कंपनी कुठलीही चालेल.

रक्त चालू असताना जेलचा उपयोग नाही. तेव्हा पुढं वाकून बसायचं, नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं न सोडता दाबायचा आणि तोंडात आलेलं रक्त गिळायचं नाही. थांबलं नाही तर दवाखाना. तिथं आजाराचं नाव आधी सांगा, कारण नाकात कोरडी पट्टी ठासून भरली तर ती काढताना पुन्हा फुटतं. आपोआप विरघळणारं पॅकिंग मिळतं, ते मागा.

आणि नाक आवरलं म्हणून आजार आवरला असं समजू नका. रोहिणी-नीलांच्या अशा थेट जोडण्या फुप्फुसात, यकृतात, मेंदूतही असू शकतात. फुप्फुसासाठी बबल इको, म्हणजे शिरेतून बारीक बुडबुड्यांचं सलाईन सोडून करायची हृदयाची सोनोग्राफी, करून घ्या. फुप्फुसात सापडल्या तर दात काढण्याआधी अँटिबायोटिक लागतं, ते दाताच्या डॉक्टरांना सांगावं लागतं. प्रत्येक मुलात आजार उतरण्याची शक्यता 50 टक्के असते. आमच्या धाकटीला आहे.

तक्रार एकच, ट्यूब फार छोटी. हंगामात जादा आणून ठेवावी लागते. आणि एकाची ट्यूब दुसऱ्यानं वापरायची नाही, म्हणून धाकटीची वेगळी, तिच्या दप्तरात.