विणकराच्या घरी नेतो म्हणून शोरूममध्ये: माळवा-निमाडच्या वस्त्र सहलीतील फसवणूक

अहिल्यादेवी होळकरांच्या जन्माला २०२५ साली तीनशे वर्षे पूर्ण झाली आणि त्या निमित्ताने महाराष्ट्रातून इंदूर-महेश्वरकडे जाणाऱ्या सहलींना उधाण आले. चौंडीच्या या लेकीने इंदूरऐवजी नर्मदाकाठच्या महेश्वरला आपली राजधानी केली, बाहेरून विणकर आणून तिथे वसवले आणि १७६७ ते १७९५ अशी अठ्ठावीस वर्षे तिथून कारभार केला. तेव्हा मंदिरे आणि हातमाग एकाच प्रवासात पाहण्याची कल्पना कोणाही मराठी माणसाला भावावी अशीच आहे. आमच्या हाती आलेल्या पत्रकात नेमके हेच मांडले होते: महेश्वर, ओंकारेश्वर, मांडू, बाग, उज्जैन आणि चंदेरी, प्रत्येक वस्त्रकेंद्रात ‘प्रत्यक्ष विणकराच्या घरी भेट’, उज्जैनला महाकालाची भस्मारती ‘समाविष्ट’, आणि सोबत मराठी बोलणारा मार्गदर्शक. मी, माझे यजमान आणि कोल्हापूरच्या माझ्या जाऊबाई अशा आम्ही तिघांनी नाव नोंदवले. आयोजक कंपनीचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण प्रकरण आता ग्राहक आयोगापुढे आहे. शिवाय याच साच्यातली पत्रके वेगवेगळ्या नावांनी फिरत आहेत. त्यामुळे नावापेक्षा हा व्यवहार कसा चालतो हे कळणे अधिक उपयोगाचे आहे.

मार्गदर्शक इंदूरचाच. त्याचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहणारे मराठी. वागायला आर्जवी आणि सर्वांना काका-काकू म्हणणारा. अहिल्यादेवींच्या गोष्टी तो अशा रंगवून सांगे की बसमधले ज्येष्ठ डोळे पुसत. त्याच्याकडे पर्यटन खात्याचे मार्गदर्शक ओळखपत्र मात्र दिसले नाही. यजमानांनी विचारले तेव्हा ते ‘नूतनीकरणाला दिले आहे’ असे उत्तर मिळाले आणि ते प्रवास संपेपर्यंत तिथेच राहिले.

महेश्वरला किल्ल्याच्या पायऱ्यांवरून घाट आणि राजराजेश्वर मंदिर पाहून झाले. किल्ल्याच्याच आवारात, होळकर घराण्यातील मंडळींच्या पुढाकाराने १९७९ मध्ये सुरू झालेल्या रेहवा सोसायटीचे माग चालतात. त्यांचा खडखडाट आम्हाला पायऱ्यांवर स्पष्ट ऐकू येत होता आणि मार्गदर्शक सांगत होता की ते आज बंद आहे. जाऊबाईंनी आवाजाकडे बोट दाखवले. त्यावर तो हसून म्हणाला, ‘काकू, ते परदेशी पाहुण्यांसाठी आहे. मी तुम्हाला खऱ्या विणकराच्या घरी नेतो.’ बस गावाबाहेरच्या रस्त्याला एका दुमजली इमारतीपाशी थांबली. दारात एक रखवालदार वही घेऊन बसला होता. आम्ही आत पाऊल टाकण्यापूर्वी त्याने बसचा क्रमांक, मार्गदर्शकाचे नाव आणि प्रवाशांची संख्या लिहून घेतली. विणकराच्या घराला अशी वही कशाला लागते, हा प्रश्न त्या क्षणी आमच्यापैकी कोणीच विचारला नाही. माझ्या मते या सर्व प्रकाराची किल्ली त्या वहीतच होती, कारण कोणत्या बसमागे किती विक्री झाली याचा हिशेब आणि त्यावरची दलाली तिथूनच ठरते.

तळमजल्यावर एकच हातमाग मांडलेला होता आणि त्यावर एक वयस्क गृहस्थ बसले होते. हिरव्या ताण्यावर, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांवर, चटईच्या नक्षीचा काठ वीतभर विणून झाला होता. मार्गदर्शक सांगू लागला की हीच नक्षी किल्ल्याच्या भिंतींवर कोरलेली आहे. ते खरेच आहे. महेश्वरी काठांवरच्या चटई, वीट, हिरा अशा कितीतरी आकृती किल्ल्याच्या आणि मंदिरांच्या दगडी कोरीवकामातून आलेल्या आहेत. सर्वांचे लक्ष त्या कथेकडे असताना जाऊबाई मात्र, माहेरी इचलकरंजीला माग पाहतच वाढल्यामुळे, त्या गृहस्थांच्या पायांकडे पाहत होत्या. आडवा धागा वाहून नेणारा धोटा डावीकडून उजवीकडे गेला, परत उजवीकडून डावीकडे आला, पण पायाखालची पट्टी एकदाही दाबली गेली नाही. पट्टी बदलून ताण्याचे धागे वरखाली केल्याशिवाय आडवा धागा अडकत नाही. त्याच फटीतून धोटा परत आला की धागा जसा गेला तसाच निघून येतो आणि कापड सुताभरही वाढत नाही. मागाखाली तुटक्या धाग्यांचा, तंतूंचा कचरा नव्हता, आणि ताण्याच्या मागच्या भागावर धुळीचा करडा थर बसला होता. चहापाणी होऊन आम्ही वरच्या मजल्यावरून खाली आलो तेव्हा आमच्यानंतर आलेल्या दुसऱ्या बसला तोच वीतभर काठ दाखवला जात होता.

वरच्या मजल्यावर गाद्या अंथरलेल्या, साड्यांचे ढीग आणि आग्रह. प्रत्येक साडी ‘खाली विणलेली’ असल्याचे सांगितले जात होते. मी एक जांभळी साडी रेशीम-सुताची म्हणून ६,८०० रुपयांना घेतली आणि जाऊबाईंच्या आग्रहावरून पक्के बिल मागितले. आधी सांगण्यात आले की संगणक बंद आहे. मग कोऱ्या कागदावर ‘अंदाजपत्रक’ म्हणून आकडा लिहून मिळाला, ज्यावर ना दुकानाचे नाव होते, ना जीएसटी क्रमांक. कार्डाचे यंत्र ‘नेटवर्क नाही’ म्हणून बाजूला ठेवलेले. पैसे मोबाईलवरून भरले तेव्हा पडद्यावर दुकानाचे नव्हे, एका व्यक्तीचे नाव आले. पुढे हाच पडदा आमच्या कामी आला, म्हणून सांगते की असे पैसे भरताना त्या पानाचे छायाचित्र ठेवावे.

हातमागाची साडी ओळखण्याच्या काही खुणा जाऊबाईंनी त्याच रात्री धर्मशाळेत बसमधल्या बायकांना दाखवल्या. हातमागावर कापड ताठ राहावे म्हणून दोन्ही काठांत टोकदार पट्टी अडकवतात. तिच्या टोकांची बारीक छिद्रे काठालगत राहतात. महेश्वरीचा काठ दोन्ही बाजूंनी वापरता येतो, हे तिचे वैशिष्ट्य आहे. आमच्या साड्यांना छिद्रे नव्हती आणि उलट बाजूने काठावर कापलेल्या धाग्यांची लव होती. पदराच्या टोकाचा रेशमी म्हणून सांगितलेला धागा उदबत्तीला लावला तेव्हा जळक्या केसांचा वास आला नाही. धागा वितळून त्याचा टणक काळा मणी झाला, म्हणजे तो कृत्रिम धागा होता. रेशमाची राख बोटाने चुरडते.

ओंकारेश्वरला आमचे फारसे काही बिघडले नाही. नावेचे भाडे जास्त घेतले गेले, एवढेच. बागला तर आम्ही पोहोचलोच नाही. धार जिल्ह्यातल्या या गावी खत्री कारागीर लाकडी ठशांनी छपाई करतात. लोखंडाचा गंज आणि गूळ आंबवून काळा रंग, तुरटीच्या आधाराने लाल रंग, मग वाहत्या पाण्यात धुणे आणि तांब्याच्या कढईत धावड्याच्या फुलांसोबत उकळणे, असे ते काम डोळ्यांनी पाहण्यासारखे असते. ‘नदीला पाणी नाही, काम बंद आहे’ असे कारण सांगून आम्हाला धार शहरातल्या एका दुकानात नेले. तिथल्या चादरींवर ठशांचे सांधे कुठेच दिसत नव्हते आणि मागची बाजू पांढुरकी होती, म्हणजे छपाई जाळीच्या पडद्याने केलेली. त्या दुकानात इतका वेळ गेला की मांडूला पोहोचेपर्यंत ऊन उतरले होते. जहाज महाल बाहेरून पाहिला, रूपमतीचा मंडप राहून गेला.

उज्जैनचा प्रकार पैशापेक्षा मनाला लागणारा होता. भस्मारती ‘समाविष्ट’ असूनही ‘व्हीआयपी परवानगीसाठी’ प्रत्येकी १,५०० रुपये रोख गोळा करण्यात आले, आणि पुरुषांना धोतरे भाड्याने घ्यायला लावली. महाकालेश्वर मंदिरात ही आरती पहाटे चारच्या सुमारास होते. तिच्या परवानगीसाठी मंदिर समितीच्या अधिकृत संकेतस्थळावर आधी नोंदणी करावी लागते आणि परवानगीपत्रावर भाविकाचे नाव व ओळखपत्राचा तपशील असतो. आमच्या हाती असे कोणतेही पत्र आले नाही. मध्यरात्रीनंतर आम्हाला ज्या रांगेत उभे केले, ती चालत चालत दर्शन घेण्याची रांग होती आणि तिला पूर्वनोंदणी लागत नाही. बसून आरती पाहण्याऐवजी काही क्षण शिखराखालून सरकत जाऊन आम्ही बाहेर पडलो. धोतर सावरत उभ्या असलेल्या एका आजोबांनी मार्गदर्शकाला विचारले, तेव्हा तो म्हणाला की महाकालाने बोलावले तेवढेच मिळते. देवाच्या नावावर इतके निर्लज्ज उत्तर मी याआधी ऐकले नव्हते.

चंदेरीचे नाव पत्रकात सर्वांत ठळक होते. भोपाळहून चंदेरी दोनशे किलोमीटरच्या वर आहे, आणि तिथे जाण्यासाठी बसच्या मुक्कामांत जागाच ठेवलेली नव्हती. हे पत्रकातल्या मुक्कामांची यादी आणि नकाशा शेजारी ठेवले की लगेच दिसते. भोपाळच्या एका शोरूमला ‘चंदेरी भेट’ म्हटले गेले. २००५ साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या या कापडाची बुट्टी हाताने विणताना प्रत्येक बुट्टीसाठी स्वतंत्र छोट्या कांडीवरचा धागा वापरतात, म्हणून उलट बाजूला एका बुट्टीपासून दुसरीपर्यंत धागे लोंबत नाहीत. इथे मात्र साडी उलटी करताच कापलेल्या धाग्यांचे पुंजके दिसले आणि जाऊबाईंनी ते विक्रेत्याला सर्वांसमोर दाखवले. विक्रेत्याने आवाज चढवला, मार्गदर्शक मध्ये पडला आणि बसमधलेच एक गृहस्थ म्हणाले, ‘अहो, सहलीचा रसभंग कशाला करता, दर्शनं तर झाली ना.’ ही वृत्ती फसवणाऱ्यांच्या पथ्यावर पडते, असे माझे स्पष्ट मत आहे. ठरावीक प्रकारच्या साड्या १९८५ च्या कायद्याने हातमागासाठी राखून ठेवलेल्या आहेत. त्यांची यंत्रमागावरची नक्कल हातमागाची म्हणून खपवणे हा केवळ चढ्या भावाचा प्रश्न राहत नाही. ज्यांच्या नावावर ती विकली जाते, त्या महेश्वर आणि चंदेरीच्या विणकरांच्या ताटातला घास त्यातून जातो.

परतल्यावर कंपनीला लेखी पत्र दिले. उत्तरात त्यांनी पत्रकाच्या तळाशी असलेल्या बारीक अक्षरांतल्या ओळीवर बोट ठेवले: ‘कार्यक्रमात बदल करण्याचा अधिकार आयोजकांकडे राहील.’ खरेदीशी आपला संबंध नाही, असेही कळवले आणि पुढच्या सहलीत सवलतीचे कूपन देऊ केले. आम्ही ते नाकारले. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर नोंद केली, पण कंपनी हलली नाही. म्हणून आता ‘ई-जागृती’ या संकेतस्थळावरून जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल केली आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, त्यासाठी इंदूरच्या खेपा घालाव्या लागत नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. पावती न देणे हीच त्या कायद्यात अनुचित व्यापार प्रथा मानलेली आहे, ही गोष्ट आम्हाला तक्रार लिहिताना कळली आणि ते ‘अंदाजपत्रक’ टाकून दिले नव्हते याचे समाधान वाटले.

तक्रारीला आम्ही मूळ पत्रक, पैसे भरल्याचे पान, साडी, तिचा जाळून पाहिलेला धागा आणि बसमधल्या काही सहप्रवाशांची सही असलेली निवेदने जोडली आहेत. रसभंगाची तक्रार करणाऱ्या त्या गृहस्थांचेही निवेदन त्यात आहे, कारण त्यांनी पत्नीसाठी घेतलेल्या चंदेरीचा रंग पहिल्याच धुण्यात उतरला. आयोगाने कंपनीला नोटीस काढली असून तिचे म्हणणे अजून दाखल व्हायचे आहे.