खानापूरचा मध आणि मधखाऊ अस्वल

बेळगावजवळच्या खानापूरला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत मधाचं एक लहानसं दुकान आहे. पाटीवर कन्नडमध्ये एवढंच: ‘जेनुतुप्प’. शब्दशः मधमाशीचं तूप! यंदा तिथून जांभळाचा मध घेतला, अर्धा किलो ३५० रुपयांना. मावशी आधी बोटावर थेंब देतात. “चाखून बघा की ओ सर.” गोडीमागून जिभेवर तुरट-कडवट चव रेंगाळते. मला तीच आवडते.

पुतण्या रशियात डॉक्टरकी शिकतो. सुट्टीत आला होता, बाटली बघून म्हणाला, “काका, तिकडं मधाला म्योद म्हणतात आणि अस्वलाला मेद्वेद.”

मी ३० वर्षं शाळेत संस्कृत शिकवलं. ऐकताच कान टवकारले. पुढचा ‘मेद’ म्हणजे आपला मधु, शेवटचा ‘एद’ म्हणजे आपला अद् धातू, खाणे. मधखाऊ! आणि मधला ‘व’? तो यण् संधीचा. मधु + अरि = मध्वरि हे फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल; उ-पुढे स्वर आला की उ-चा व् होतो. आद्य-स्लाव भाषेतही, म्हणजे रशियन, पोलिश, युक्रेनी यांच्या मूळ भाषेतही, अगदी तसंच घडलं. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात, १६४ व्या सूक्तात, ‘मध्वदः सुपर्णाः’ आहेत, मध खाणारे पक्षी. घडण तीच, फक्त तिकडं नाव अस्वलाला मिळालं.

अस्वलाचं मूळ नाव निराळं होतं. संस्कृतात ऋक्ष, ग्रीकमध्ये आर्क्तोस, लॅटिनमध्ये उर्सुस, सगळी एकाच मुळाची. स्लाव लोकांनी ते टाकलं. नाव घेतलं की जनावर पुढ्यात येतं या भीतीनं, असं अभ्यासक मानतात. मला हे पूर्ण पटतं. माझी आजी दिवेलागणीनंतर सापाला साप म्हणत नसे, ‘लांबडं’ म्हणे. पुढं मधाचा अर्थही लोकांच्या ध्यानातून गेला. युक्रेनीत शब्दाचे दोन तुकडे जागा बदलून ‘वेदमिद’ झाले, पोलिशमध्ये सुरुवातीच्या ‘म’चा ‘न’ झाला.

खानापूरच्या रानात अस्वलं आजही आहेत. मध काढायला जाणाऱ्यांना त्यांची धास्ती असतेच. म्हणून ३५० रुपये मला जास्त वाटत नाहीत.

तक्रार झाकणाची. पातळ प्लास्टिकचं आहे, बेळगावला पोचेपर्यंत पिशवीतला टॉवेल चिकट झाला. दुसऱ्या खेपेला घरून स्टीलचा डबा नेला. मावशींनी त्यातच मोजून दिला आणि बाटलीचे १० रुपये कमी घेतले.