सोलापुरात कुत्रं घेऊन राहायचं तर

लॉजचं नाव लिहीत नाही. मालकांनीच हात जोडून सांगितलं, "मॅडम, चांगलं लिवा, वाईट लिवा, पण नाव टाकू नका. उद्या सगळं गाव कुत्री घेऊन दारात उभं राहील." तेव्हा एवढंच सांगते: पुणे नाक्याकडून शहरात शिरल्यावर आतल्या गल्लीत आहे, दुमजली, शेजारी चहाची टपरी. अक्कलकोट-तुळजापूर करणारी मंडळी एका रात्रीपुरती उतरतात, त्यातलं. नॉन-एसी खोली ९०० रुपये, कुत्र्याचे वरचे ३०० आणि १००० अनामत.

आमची ठकी गावठी, वय ११, वजन १९ किलो, मागच्या पायांत जोर कमी झालाय. मामेबहिणीचं लग्न नेमकं मे महिन्यात. पुण्यातली कुत्र्यांची बोर्डिंगवाली म्हाताऱ्या कुत्र्यांना घेत नाही, मामीच्या घरी सोवळं कडक. रेल्वेच्या डब्यात सोबत न्यायचं तर फर्स्ट एसीचा आख्खा कूपे किंवा केबिन घ्यावी लागते, म्हणून गाडीच काढली. आधी गेलो ते अ‍ॅपवर 'पेट्स अलाउड' लिहिलेल्या हॉटेलात. तिथला मॅनेजर ठकीकडे बघून म्हणतो, "आम्हाला वाटलं पर्समध्ये बसणारं असंल." भर दुपारी पुन्हा गाडीत. मग एका रिक्षावाल्या काकांनी हा पत्ता दिला.

या लॉजची सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे फरशी. तळमजल्याच्या खोल्यांत जुनी शहाबादी आहे, काळपट, जराशी खडबडीत. नव्या चकचकीत टाइल्सवर ठकीचे मागचे पाय फाकतात आणि ती भिंतीला धरून चालते. इथे शिरल्याशिरल्या सरळ खोलीच्या मध्यावर गेली आणि पोट टेकून पसरली. बाहेर पारा बेचाळीसच्या पुढे, पण ती फरशी हाताला गार लागत होती. एसी नाही, कूलर आहे. पोरगं सकाळ-संध्याकाळ बादलीनं पाणी भरून जातं. ठकीनं त्याच कूलरच्या टाकीत तोंड घातलं, तेव्हा "पिऊ दे की ओ, पाणीच हाय" म्हणाला आणि तिच्यासाठी वेगळं घमेलं आणून ठेवलं. ते आम्ही मागितलं नव्हतं.

रजिस्टरमध्ये आमची आधार कार्डं उतरवून झाल्यावर मालकांनी ठकीची लसीची वही मागितली, रेबीजची तारीख बघितली आणि 'एकूण व्यक्ती' या रकान्यात लिहिलं: २ + १. लस बघणारं लॉज मला पहिल्यांदाच भेटलं. मोठमोठ्या ठिकाणी पैसे घेतात, वही कुणी उघडत नाही.

रात्रपाळीचा माणूस ठकीला कानडीत हाक मारायचा, "बा बा", आणि ही जायची. गल्लीतल्या कुत्र्यांची टोळी रात्री अकरानंतर फाटकाशी जमते. तो आधी बाहेर जाऊन त्यांना बिस्किटं टाकायचा, मग आम्हाला खूण करायचा. त्याशिवाय शेवटची फेरी अवघडच होती. फिरवायचं ते सकाळी सहाच्या आतबाहेर. साडेनऊला डांबराला हाताची पालथी बाजू लावून बघितली, पाच आकडे मोजेपर्यंत ठेववली नाही. पंजे भाजतील ते वेगळं सांगायला नको.

जेवण खोलीत देतात. आमच्यासाठी कडक भाकरी, शेंगाचटणी, पिठलं. चटणीत लसूण असतो आणि लसूण कुत्र्याला बाधतो, तेव्हा ताटाखाली सांडलेलीसुद्धा उचलली. ठकीला बिनफोडणीचा दहीभात आणि उकडलेलं अंडं, ४० रुपये.

आता तक्रारी. कुत्रं खोलीत एकटं ठेवायचं नाही, असा नियम आहे. नियम बरोबर आहे, भुंकून शेजारच्यांची झोप मोडली तर बोलणी मालकांनाच बसणार. पण फोनवर हे सांगितलं नाही. परिणाम असा, की अक्षता मी टाकल्या आणि पंगतीला नवरा बसला. मामी अजून फुगून आहे.

दुसरी तक्रार, फिनेल. खोली पुसायला इतकं ओततात, की आपल्याच डोळ्यांत पाणी येतं. ठकी फरशी चाटते, म्हणून साध्या पाण्यानं पुन्हा पुसून घेतली. ते त्यांनी केलं, पण तोंड वाकडं करून. पलंगाखालच्या फटींत गोचीड आहे का, तेही टॉर्च लावून बघून घ्या. आम्हाला सापडली नाही. पण आधी कोणाकोणाची कुत्री राहून गेली, कुणास ठाऊक.

आणि ती चादर. सोलापुरात पलंगावर सोलापुरी चादर असणारच, आणि तिच्या विणीत कुत्र्याचा केस एकदा अडकला की झटकून निघत नाही, एकेक करून उपटावा लागतो. अनामतीतले १०० रुपये त्यात कापले. ठकी पलंगावर चढलीच नव्हती, केस आमच्या कपड्यांवरचे होते, पण वाद घातला नाही. तुम्ही जाल तेव्हा घरची जुनी चादर न्या आणि त्यांची आधीच घडी करून काउंटरवर ठेवा.

खोली मागताना तळमजलाच मागा. वरच्या मजल्यावर टाइल्स आहेत, लिफ्ट नाही, आणि जिना असा उभा, की १९ किलो उचलून न्यायला पैलवान लागेल.

मालक म्हणत होते, थंडीत या, हुरडा खायला. या, पण जानेवारीच्या मध्यात नको. संक्रांतीच्या आसपास गड्ड्याची जत्रा असते, खोल्या मिळत नाहीत, आणि होम मैदानावर शोभेचं दारूकाम होतं. फटाक्यांना घाबरणारं कुत्रं असेल तर ते दिवस सोडून बाकी कधीही.