तगीलचं तबक: आधी पत्रा बघा, मग गुलाब

काळ्या रोगणावर लाल-पांढऱ्या फुलांचा झुबका, काठाला सोनेरी वेल. असा रशियन ट्रे मुंबईत कुठे दिसला की विकणारा ठोकून देतो, "झोस्तोवो आहे." परीक्षणासाठी समोर असलेली दोन्ही तबकं झोस्तोवोची नाहीत, रशियातल्या उरल पर्वताजवळच्या निझ्नी तगील, थोडक्यात तगील, या शहराची आहेत. पहिलं चोरबाजारात मटण स्ट्रीटवर मिळालेलं, सोव्हिएत काळातलं: लंबगोल, ४५ सेंटीमीटर लांब, वजन साडेआठशे ग्रॅम, सांगितलेला भाव ३,५००, सुटलं २,०००ला. दुसरं नवं, दक्षिण मुंबईतल्या भेटवस्तूंच्या एका दुकानातलं: गोल, ३० सेंटीमीटरचं, जेमतेम तीनशे ग्रॅम, किंमत ४,८००, घासाघीस नाही. मॉस्कोजवळच्या झोस्तोवो गावाचं नाव जगभर झालं म्हणून तगीलचा मालही त्याच नावावर खपतो. वास्तविक उरलमधलं हे काम झोस्तोवोपेक्षा अर्ध्या शतकाहून अधिक जुनं आहे.

नव्या तबकाबरोबर एक गुळगुळीत माहितीपत्रक येतं. ते सरळ रद्दीत टाका. त्यात लिहिलंय की न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेचं तांबं तगीलचं आणि आयफेल टॉवरचं लोखंडही तिथलंच. तांब्याची कथा तगीलमध्ये आवडीने सांगतात, पण १९८०च्या दशकात पुतळ्याच्या तांब्याची तपासणी झाली तेव्हा ते नॉर्वेतल्या विस्नेस खाणीच्या तांब्याशी जुळलं. आयफेलचं लोखंड तर फ्रान्समधल्याच पोंपे इथल्या कारखान्याचं. ज्या गावाकडे सांगण्यासारखं खरंच इतकं आहे, त्याच्या नावावर उसनी बढाई कशाला?

खरी गोष्ट अशी. तगील हे खाणीचं गाव, उरल पर्वताच्या आशियाकडच्या अंगाला. तिथे विसोकाया नावाचा डोंगर होता; विसोकाया म्हणजे उंच. डोंगराच्या पोटात मॅग्नेटाइट, म्हणजे चुंबकाला ओढणारं लोहखनिज. 'तुला' नावाच्या रशियन शहरात बंदुका बनवणाऱ्या देमिदोव घराण्याने इथे १७२२पासून कारखाने उभारले, आणि १७२५च्या डिसेंबरात मुख्य भट्टीतून पहिलं बीड, म्हणजे वितळलेलं कच्चं लोखंड, वाहिलं. पुढे अडीचशेहून अधिक वर्षं डोंगर खोदत राहिले. आता विसोकायाच्या जागी उंच काही नाही, मोठा खड्डा आहे. नाव मात्र अजून 'उंच डोंगर'च. या लोखंडावर सेबल नावाच्या मुंगसाएवढ्या केसाळ प्राण्याचा शिक्का असे, आणि त्या शिक्क्याचा माल इंग्लंडपर्यंत जाई. लोखंड मऊ आणि चिवट, ठोकून पातळ पत्रा करावा असं. कारखान्यात राबणारे लोक भूदास होते, म्हणजे मालकाच्या जमिनीबरोबर विकले जाणारे. त्यांच्यातल्याच काही घरांनी त्या पत्र्याच्या पेट्या, बादल्या आणि तबकं केली. समोवार म्हणजे पोटात निखारे असलेलं चहाचं भांडं. ते लाकडी टेबलावर थेट ठेवलं तर राख पडते, पाणी ठिबकतं. म्हणून खाली तबक. शोभा नंतर आली.

शोभा आणली खुदोयारोव घराण्याने. तेही भूदासच. त्यांचं पारदर्शक रोगण इतकं स्वच्छ होतं की त्याला 'स्फटिकाचं रोगण' म्हणत. कृती त्यांनी घराबाहेर जाऊ दिली नाही, आणि ती त्यांच्याबरोबरच गेली. आज मिळणारं कुठलंही तबक 'त्याच गुप्त रोगणाचं' म्हणून कोणी विकत असेल तर हसून पुढे जा.

मुद्दा हातकामाचा. तगीलची खूण म्हणजे एका फटकाऱ्यात दोन रंग. चपटा ब्रश घेतात, त्याच्या एका कोपऱ्याला पांढरा रंग, दुसऱ्याला किरमिजी किंवा निळा. पॅलेटवर दोनचार वेळा ओढला की मधल्या केसांत दोन्ही रंग मिसळतात. मग ब्रश तबकावर टेकवून, दाबून, मनगटातून वळवला की पाकळी एका दमात उतरते: कड पांढरी, बुडाशी गडद, मधली छटा आपोआप. वरून दुरुस्त करायची सोय नाही. हात थरथरला तर तेवढा भाग पुसून पुन्हा. झोस्तोवोचं काम वेगळं. तिथे फूल आधी फिकट रंगात मांडतात, सुकू देतात, मग सावल्या, मग उजेड, मग बारीक रेघा, असे थरावर थर. झोस्तोवोचं फूल घडवलेलं दिसतं, तगीलचं फेकलेलं. रांगोळीत ठिपके जोडून काढलेली नक्षी आणि चिमटीतून एका ओघात सोडलेली वेल यांत जो फरक आहे, तोच.

आता नेमकी पंचाईत. चोरबाजारातलं जुनं तबक या हिशेबाने कमी तगील आहे. सोव्हिएत काळात तगीलची तबकं एनॅमलची भांडी करणाऱ्या कारखान्यात होत, आणि तिथे स्टेन्सिल आणि झोस्तोवोची नक्कल शिरली. दोन रंगांचा फटकारा जवळपास विसरला गेला होता. अग्रिपिना अफानास्येवा ही जुन्या पिढीतली चित्रकार तेवढी उरली होती. १९७०च्या दशकात तिने कारखान्यातल्या पोरींना तो पुन्हा शिकवला, आणि आजचं काम तिथून आलंय. समोरच्या जुन्या तबकावरच्या पाकळ्या थरांच्या आहेत, दोन पानं तर एकमेकांची हुबेहूब छापील भावंडं. स्टेन्सिलशिवाय तसं होत नाही. नव्या तबकावर मात्र खरा फटकारा आहे. भिंग लावलं की पाकळीत ब्रशच्या केसांच्या बारीक खाचा दिसतात, आणि पांढऱ्यापासून किरमिजीपर्यंत एकही जोड नाही.

पत्र्यात नेमकं उलटं. जुन्याचा पत्रा जाड, काठ आतल्या तारेवरून वळवलेला. दोन्ही टोकांना धरून कपांनी भरलेलं उचललं तरी पोट वाकत नाही. नव्याचा पत्रा पातळ, साच्यात दाबलेला, काठ नुसता मुडपलेला. सहा भरलेले कप ठेवून एका हाताने उचललं की मधे किंचित 'टक्' होतं. तो 'टक्' वाईट, कारण पत्रा लवला की रोगण लवत नाही, तडकतं. नवं तबक चार कपांपुरतं समजा.

घेताना काय बघायचं? चुंबक न्या. अस्सल तबक लोखंडी पत्र्याचं, चुंबक घट्ट बसतो. अॅल्युमिनियम किंवा प्लास्टिकच्या नकलेवर बसत नाही. पण नुसत्या चुंबकावर जाऊ नका, कारण लोखंडी पत्र्यावर छापील चित्र चिकटवलेला मालही येतो. त्यासाठी दहा पट भिंग: छपाईत रंगांचे ठिपके दिसतात, ब्रशच्या खाचा दिसत नाहीत. मग नख फुलावरून काठाकडे अलगद न्या. हाताच्या कामात रंगाचा उंचवटा रोगणाखालूनही जाणवतो. पाठ उलटून बघा. ती एकसारखी काळी हवी, लिहिलेली अक्षरं रशियन असणार. वाचता आली नाहीत तरी आकार ओळखता येतो: निझ्नी तगीलमधलं पहिलं अक्षर इंग्रजी 'एच'सारखं आणि दुसऱ्या शब्दाचं 'टी'सारखं, झोस्तोवोचं पहिलं अक्षर सहा पायांच्या किड्यासारखं. पाठीवर ताजा काळा रंग आणि पुढे जुनाट पिवळी झाक असेल तर खाली गंज झाकलाय, हे पक्कं समजा. काठाची घडी टाचणीने खरवडा. तांबूस भुकटी पडली तर भाव निम्मा करा किंवा सोडून द्या.

तबक तयार करताना पत्र्यावर आधी लुकणाचे, म्हणजे पुट्टीचे, थर देतात, घासतात, मग काळं रोगण भट्टीत पक्कं करतात, मग चित्र, मग पारदर्शक रोगण आणि पॉलिश. आपल्या सावंतवाडीला लाकडावर चिंचोक्याच्या खळीचा थर देऊनच लाखकाम चढवतात. तत्त्व एकच, खालचा थर नीट नसेल तर वरची नक्षी पापुद्र्यासारखी सुटते. फरक असा की लाकूड फुगतं आणि लोखंड गंजतं. मुंबईत दुसरं संकट मोठं. समुद्राची खारी हवा आणि पावसाळ्याचे चार महिने, गंज सुरू होतो तो नेहमी काठाच्या घडीतून, कारण धुतलेलं पाणी तिथे अडकतं.

म्हणून धुण्याची रीत: कोमट पाणी, दोन थेंब भांड्यांचं लिक्विड, मऊ फडकं. काथ्या, तारेची घासणी, पीतांबरी, चिंच, काहीही नको. सॅनिटायझर आणि थिनर तर अजिबात नको. पहिल्याने रोगण पांढरं पडू शकतं, दुसऱ्याने विरघळतं. धुतल्यावर काठ खाली करून अर्धा तास उभं ठेवा, मग घडीतून सुती दोरा ओढा, पाणी दोऱ्यात येतं. वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवू नका, दमट हवेत शाई रोगणाला चिकटते. धुवट मलमल आणि सिलिका जेलच्या दोन पुड्या पुरतात.

कटिंगचे ग्लास चालतात. गॅसवरून उतरवलेलं पातेलं चालत नाही. उष्णतेने बाष्प रोगणात शिरतं आणि पांढरा डाग उमटतो. असा डाग चोळू नका. कोरड्या जागी ठेवलं तर काही दिवसांत पुष्कळदा आपसूक विरतो. हळदी-कुंकवाला काढायचं तर कोयरीखाली रुमाल टाका, कारण ओरखड्यात शिरलेलं कुंकू मग कशानेच निघत नाही. काठावर टवका उडाला तर तेवढ्यापुरता बारीक पॉलिशपेपर, मग गाडीच्या टचअपचा काळा रंग. फुलांवर हात लावू नका. जुन्या तबकातले पांढरे गुलाब दुधाळ पिवळे झालेत, ते वयाचं रोगण आहे. 'साफ करून देतो' म्हणणाऱ्याच्या हाती देऊ नका.

थेट तगीलहून मागवायचा विचार असेल तर अडचण पैसे पाठवण्याची आहे. व्हिसा आणि मास्टरकार्डने मार्च २०२२मध्ये रशियातलं कामकाज थांबवलं, त्यामुळे तिकडच्या लहान कार्यशाळेला इथलं कार्ड चालत नाही. म्हणून इथल्या दुकानाचा चढा भाव. चोरबाजारात मात्र नशिबाचा खेळ. भिलाई-बोकारोचे पोलाद कारखाने आणि पवईची आयआयटी (१९५८) सोव्हिएत मदतीने उभी राहिली, त्या काळात भेटी म्हणून आलेल्या वस्तू कधीतरी तिथे उतरतात, आणि विकणाऱ्याला तगील ठाऊक नसतं. हा तुमचा फायदा.

तगील आज तबकांचं गाव म्हणून ओळखलं जात नाही, हेही सांगायला हवं. १९३६ साली तिथे उरलवागोनझावोद हा रेल्वे वाघिणींचा कारखाना सुरू झाला. दुसऱ्या महायुद्धात युक्रेनमधल्या खारकिवचा रणगाड्यांचा कारखाना तिथे हलवला आणि टी-३४ रणगाडे निघू लागले. आपल्या लष्कराचे 'अजेय' आणि 'भीष्म' रणगाडे तमिळनाडूत अवडीला जोडले जातात, पण मूळ आराखडे तगीलचेच. १९४०मध्ये पेटलेला पोलाद कारखाना अजून चालू आहे, हवा त्यामुळे खराब. देमिदोवचा जुना कारखाना १९८७ साली थांबला आणि भट्ट्यांसकट संग्रहालय झाला. खुदोयारोवांच्या घरातही तबकांचं संग्रहालय आहे.

दोन्हीतलं एकच घ्यायचं असेल तर: रोज चहा फिरवायला जुनं, भिंतीला नवं. टांगताना तबकाला भोक पाडू नका, भोकातूनच गंज धरतो. काठाखाली दोन आणि वर एक असे रबर चढवलेले खिळे मारा, आणि समुद्राकडच्या खिडकीसमोरची भिंत टाळा.