गुगल स्कॉलर की शोधगंगा?

पीएचडीचा विषय ठरला की सगळे आधी गुगल स्कॉलरच (शोधनिबंध शोधायचं गुगलचं सर्च इंजिन) उघडतात, मीपण तेच केलं. तिथली भारी गोष्ट म्हणजे 'साइटेड बाय'. एक चांगला पेपर सापडला की त्याच्याखालच्या या लिंकवर क्लिक करायचं, नंतर कोणी कोणी तो वापरलाय ते समोर येतं, आणि शब्द अवतरणचिन्हात टाकले की निम्मा कचरा गायब. पण बरेच पेपर पैसे मागतात, तिथे 'ऑल व्हर्जन्स' बघायचं, कधीकधी फुकट पीडीएफ मिळते.

शोधगंगा वेगळीच. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटची (विद्यापीठांची ग्रंथालयं जोडणारी संस्था) साइट, भारतातल्या विद्यापीठांचे प्रबंध, धडावार पीडीएफ, फुकट. मराठी विषय असेल तर मी आधी इथेच जाईन. फक्त एक लफडं आहे, जुने मराठी प्रबंध युनिकोडमध्ये (म्हणजे कुठल्याही संगणकाला कळणाऱ्या अक्षरांत) नसतात, श्रीलिपीसारख्या फॉन्टात टाइप केलेले किंवा नुसते स्कॅन, त्यामुळे पीडीएफमध्ये 'दुष्काळ' शोधलं की शून्य, आणि कॉपी केलं तर भलतीच अक्षरं! मग काय, अनुक्रमणिका डोळ्यांनी वाचायची. आणि हो, शेवटची संदर्भसूची सोडू नका राव, निम्मी पुस्तकं मला तिथेच सापडली.